हजारात ओळखेन

तिने फोटो मोठा केला आणि माऊसवरचा हात तसाच राहिला. डोळ्याच्या पडद्यावर एक शीर खाली जाता जाता मागे वळून छोटंसं कडं घालत होती. ते कडं तिला पाठ होतं. हे काम शिकताना सरावासाठी तिने बाबांना कितीदा तरी कॅमेऱ्यासमोर बसवलं होतं. ‘तुमचा डोळा मी हजारात ओळखेन,’ अशी फुशारकीही मारली होती.

विद्यापीठाच्या या विभागात मधुमेहाने डोळे का जातात आणि ते कसे वाचवता येतील, यावर संशोधन चाले. तिच्याकडे नुसते फोटो आणि क्रमांक येत. नावं कार्यालयात कुलूपबंद. डोळा किती बिघडलाय त्याचा आकडा टाकायचा, सही करायची, पुढचा घ्यायचा. बाबांनी यात नाव घातलंय हे तिच्या गावीही नव्हतं. आता त्या कड्याभोवती रक्ताचे डाग सांडले होते आणि नको तिथे नव्या, नाजूक शिरा फुटल्या होत्या. हा सगळ्यांत वाईट टप्पा.

ओळखीचा फोटो निघाला तर तो दुसऱ्याकडे द्यायचा, असा नियम होता. देण्याआधी तिने त्याच क्रमांकाचा गेल्या वर्षीचा फोटो उघडला. तेच कडं, भोवती मोजके ठिपके. खाली मधल्या टप्प्याचा आकडा आणि तिची स्वतःची सही. त्या दिवशी तिने दोनशे फोटो हातावेगळे केले होते.

संध्याकाळी ती थेट बाबांच्या सलूनमध्ये गेली. दुकान रिकामं होतं. हल्ली दाढीला कुणी बसत नाही, लोकांना दाढ्या वाढवायची हौस आलीय, असं बाबांनी मागे हसत सांगितलं होतं.

कधीपासून, तिने विचारलं. बाबांनी आढेवेढे घेतले नाहीत. दीड वर्ष झालं, डाव्या डोळ्यापुढे जाळं येतंय. तोंडाने सांगायला जीभ रेटेना, म्हणून अभ्यासात नाव घातलं. फोटो तिच्याच टेबलावर जाणार, ती ओळखणार, आपणहून बोलणार.

“तुम्हाला आमच्या विभागाचं पत्र नाही आलं?”

बाबांनी खणातून, कंगव्यांखालून, घडी घातलेला कागद काढला. गेल्या वर्षीचा. डोळ्यांच्या डॉक्टरांना लवकर दाखवा, असं त्यात ठळक छापलं होतं.

“आलं ना. पण तू काही बोलली नाहीस. म्हटलं, पत्रं काय, सगळ्यांनाच पाठवत असतील. काही असतं तर तू सांगितलंच असतंस.”

त्यांच्या आवाजात तक्रारीचा लवलेश नव्हता. तिला तेच सोसवेना. उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं, एवढं ती कसंबसं म्हणाली. बाबांनी मान हलवली. मग ती खुर्चीत जाऊन बसली आणि तिने केस मोकळे सोडले.

“वाढलेत. कापून द्या.”

“सरळ येणार नाहीत. आधीच सांगतो.”

“चालतील.”

बाबांनी तिच्या अंगावर कापड टाकलं. ते मागे उभे होते, म्हणून तिला बोलता आलं.

“बाबा, मी पाहिला होता तुमचा डोळा. ओळखला नाही.”

बाबांनी कात्री उचलली.

“दिवसभर केस कापले की मलाही चेहरे आठवत नाहीत,” बाबा म्हणाले.

त्यांनी बोटांनी तिचा कान चाचपला, तो तळहाताने झाकला आणि कात्री चालवायला घेतली. ती मान न हलवता बसून राहिली.