अठ्ठावीस मिनिटे

मी शाळेच्या क्रीडाविभागातले एक जुने स्टॉपवॉच आहे, मित्रांनो. अकरा वर्षे मी खेळाच्या शिक्षिका शिट्टीबाईंच्या गळ्यात होते. हे नाव मुलींनी ठेवले होते आणि बाईंना ते ठाऊकही होते.

आठवीतली भिंगरी त्यांची चारशे मीटरची धावपटू. पहिल्या दिवशी तिला अडुसष्ट सेकंद लागले, सहा महिन्यांनी चौसष्ट. "काटा दमला गं माझा तुझ्यामागे!" बाई म्हणाल्या. क्रीडा-वसतिगृहाच्या निवडचाचणीत त्रेसष्ट हवे होते. चौदा वर्षांखालील मुलींसाठी ती चाचणी होती, आणि त्या दिवशी भिंगरीला तेरा पूर्ण होऊन अकरा महिने होणार होते; म्हणजे तिची ही शेवटचीच संधी.

त्याच सुमारास तिला मोबाइलवरच्या एका खेळाचे वेड लागले. चौघांचा संघ होता. कप्तानाला ती 'दादा' म्हणे. त्याला तिने कधी पाहिले नव्हते, पण आपली शाळा, घर, चाचणीची वेळ, सगळे त्याला सांगून ठेवले होते.

वेळ सदुसष्टवर गेली, तेव्हा बाईंनी मला तिच्या बाबांकडे दिले. ते बेकरीत भट्टीवर काम करत. पहाटे जात, दुपारी येऊन झोपत.

"मोबाइलवर रोज अर्धाच तास खेळ, हे लावून. घड्याळ काही खोटं बोलत नाही," ते म्हणाले.

भिंगरीइतके माझे बटण कोणाला कळणार? बाबा घोरू लागले की ती मला थांबवी आणि खेळत राही. ते कूस बदलू लागले की चालू करी. दोन तासांनी ते डोळे चोळत विचारत, "किती झालं गं?"

"अठ्ठावीस मिनिटं, बाबा."

"शहाणं माझं लेकरू!"

माझ्या काट्यांवर खरोखर अठ्ठावीसच मिनिटे असत. मला बोलता येत नव्हते.

चाचणीच्या सकाळी मी पुन्हा बाईंच्या हातात होते. भिंगरीचा सतरा क्रमांक तीनदा पुकारला गेला. बाबा पिठाच्या हातांनीच आले होते. "आत्ता इथंच होती हो. बूट बांधत होती," ते दिसेल त्याला सांगत होते. पाच मुली धावल्या. बाईंचा अंगठा माझ्या बटणावर होता, पण त्यांनी ते दाबलेच नाही.

भिंगरी पाण्याच्या टाकीमागे सापडली. दादाने नेमका चाचणीच्या वेळी, नऊ वाजता, मोबाइलवर सामना ठेवला होता. "तू नसलीस तर सगळे हरू," असे त्याने बजावले होते. तरीही ते हरले. संध्याकाळी दादाने तिला संघातून काढून टाकले.

त्या संध्याकाळी ती बाबांसमोर उभी राहिली. "मी रोज घड्याळ थांबवायचे."

बाबांनी तिला जवळ बसवले. मग म्हणाले, "मला उठवायचं होतंस गं. ओरडलो असतो, दुसरं काय?"

मित्रांनो, मला फसवायला दोन बोटे पुरतात. खेळ सुटत नसेल, पडद्यामागचा कोणी हुकूम सोडत असेल, तर घरात झोपलेल्या माणसाला हलवून उठवा. ओरडू द्या त्याला. भिंगरीनेही सगळे सांगितले, पण चाचणी नऊला होती आणि तिने सांगितले तेव्हा सहा वाजून गेले होते.