गव्याला लाल दिसत नाही

माझ्या नवऱ्याला जगातल्या सगळ्या गोष्टी माहीत आहेत, फक्त गप्प केव्हा बसायचं तेवढं माहीत नाही, असं मी एकतीस वर्षं सांगत आले. नृसिंह सर म्हणून त्यांना सगळं उचगाव ओळखतं. शाळेत भूगोल शिकवला, आणि निवृत्त झाल्यापासून कोल्हापुरातल्या एका स्पर्धापरीक्षेच्या क्लाससाठी सामान्यज्ञानाचे प्रश्न काढतात. मी पोस्टात काउंटरवर होते. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायचं आणि घरी आलं की यांचं. भाजीत मीठ कमी पडलंय का म्हणून विचारावं, तर हे सांगणार की जिराफाच्या एवढ्या लांब मानेत मणके सातच असतात, आपल्याइतकेच. मीठ कमी आहे की नाही ते शेवटपर्यंत कळायचं नाही.

त्यांची एक शिस्त मात्र होती. दोन वेगवेगळ्या पुस्तकांत सापडल्याशिवाय कुठलीही गोष्ट ते तोंडातून काढत नसत. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात या एका वाक्यासाठी एकदा भर उन्हात शहरातल्या वाचनालयात गेले होते, आणि इकडे घरी पाहुणे ताटावर बसून वाट बघत होते. मी कपाळाला हात लावला. पाहुण्यांनी पापड खाऊन घेतले.

रविवारी जयसिंगपूरला माझ्या भाचीचा साखरपुडा होता. मुलाचे आजोबा चांगले ऐंशीचे, फेटाबिटा बांधून बसलेले. बोलता बोलता ते म्हणाले, चीनची भिंत चंद्रावरून नुसत्या डोळ्यांनी दिसते. झालं. यांनी हातातला पेढा बशीत ठेवला आणि ती दिसत नाही, दिसणं शक्यच नाही, हे पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. चंद्रावर जाऊन आलेल्यांचे दाखले दिले. आजोबा फेट्यासकट गप्प झाले आणि माझ्या भावाचा चेहरा पडला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

परतीच्या एसटीत मी यांना फाडून खाल्लं. म्हटलं, तुमच्या या माहितीनं आजवर कुणाचं काय भलं झालंय ते एकदा सांगा, आणि ते जमत नसेल तर यापुढं मला एक अक्षरही सांगू नका. कंडक्टरसुद्धा वळून बघायला लागला. हे खिडकीकडं तोंड करून बसले ते बसलेच. सोमवारी घरात एक शब्द नाही. मंगळवारी सकाळीही नुसता चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि वर गॅलरीत जाऊन बसले. मला वाटलं होतं, चला, शांतता मिळाली. पण घर कसंनुसंच वाटत होतं. तरी माघार घेणारी मी नव्हे.

आमची गल्ली वसाहतीतली शेवटची. एका टोकाला मोठा रस्ता, दुसऱ्या टोकाला कुंपणाची भिंत, त्या भिंतीला पडलेलं भगदाड आणि त्याच्या पलीकडं ऊस. सकाळचं ऊन पहिलं त्या भिंतीवर येतं, म्हणून मी कपडे वाळत घालायची दोरी तिथंच बांधलीय. साडेसातला बादली घेऊन गेले. सगळ्यात वर डबलबेडची चादर होती, लालभडक, पाणी पिऊन जड झालेली. ती दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली आणि दोरीवर टाकणार, एवढ्यात मोठ्या रस्त्याकडून मोटारसायकलींचे हॉर्न आणि आरडाओरडा ऐकू आला.

मान वळवून पाहिलं तर गल्लीत गवा.

ऊसतोड सुरू झाली की त्यांचा आडोसा जातो आणि ते वाट चुकतात, हे पेपरात दरवर्षी वाचतो आपण. वाचणं वेगळं. समोर राहणाऱ्या आकारामच्या कुंपणापेक्षा त्याची पाठ उंच होती. काळा, घामानं चकचकणारा, गुडघ्यापासून खाली पायांना पांढरे मोजे घातल्यासारखे. रस्त्यावरच्या पोरांनी त्याला मोटारसायकली घालून हुसकावलं होतं आणि त्याला आता उसात परत जायचं होतं. उसात जायची वाट एकच, ते भगदाड. भगदाड माझ्या उजव्या हाताला चार पावलांवर होतं आणि तो माझ्या डाव्या हाताला वीसेक पावलांवर. म्हणजे त्याला जायचं तर मला घासूनच जावं लागणार होतं. पळायचं म्हटलं तर मला दोनच वाटा होत्या, एक त्याच्या अंगावर, कारण आमचं दारही त्याच बाजूला, आणि दुसरी त्याच्या वाटेवर.

तेवढ्यात समोरच्या गच्चीवरून आकारामची बायको झुंबरबाई ओरडली, "वैनी, ती तांबडी चादर टाका की आधी. तांबड्यावर धावतंय त्ये."

माझ्याही मनात तेच आलं होतं. एवढी तीन हात रुंद लाल चादर डोक्यावर धरून मी उभी, म्हणजे त्याला आमंत्रणच. भिरकावून द्यायची आणि जीव घेऊन पळायचं, बस. खांदे सैल सोडले आणि तेवढ्यात वर आमच्या गॅलरीतून आवाज आला.

"कालिंदी, चादर टाकू नकोस. गव्याला लाल दिसत नाही."

दोन दिवसांनी ऐकलेला तो पहिला आवाज. ओरडले नव्हते ते. वर्गात फळ्याकडं पाठ करून सांगायचे तसे, सावकाश.

"लाल रंग त्याला आपल्यासारखा दिसतच नाही. स्पेनमध्ये बैलाच्या खेळात तो फडक्याच्या रंगावर जात नाही, फडकं हलतं म्हणून जातो. तू हलली नाहीस तर तू त्याच्या लेखी भिंत आहेस. हात आहेत तिथंच ठेव."

मी थांबले. हात डोक्यावर, हातांत चादर, चादरीतून कोपरांवर आणि मानेवर ओघळणारं थंड पाणी. गवा दोन पावलं पुढं आला आणि उभा राहिला. त्याच्या नाकपुड्यांचा आवाज मला ऐकू येत होता.

गच्चीवर आकाराम सुतळी बॉम्ब घेऊन आला होता, दिवाळीतला उरलेला. माचीस काढत म्हणाला, "सर, ह्यो एक वाजवतो. पळतंय बघा कसं."

"कुठल्या बाजूला पळेल, आकाराम?" यांनी विचारलं.

आकारामनं गल्लीकडं पाहिलं, भगदाडाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग त्यानं माचीस खिशात घातली आणि बायकोला वनखात्याला फोन लावायला सांगितलं. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून हे बघत होते, कारण मान वळवायचीही सोय नव्हती.

खरी परीक्षा हातांची होती. ओली चादर डोक्यावर धरून उभं राहा म्हणजे कळेल. मिनिटभरात खांद्यांत कळा यायला लागल्या. बोटं बधिर झाली. टाकून दे, टाकून दे, असं सगळं अंग सांगत होतं. आणि वरून त्यांचा आवाज यायला लागला, एका संथ लयीत, थांबा न घेता.

शुक्रावरचा एक दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो, म्हणाले. सूर्याभोवती त्याची फेरी आधी पुरी होते, स्वतःभोवतीची नंतर. मंगळावरचा सूर्यास्त निळसर दिसतो. चंद्रावर वारा नाही, म्हणून तिथं नेलेल्या झेंड्याला वरून आडवी दांडी घातली होती, नाहीतर तो लोंबकळत राहिला असता. चंद्रावर एक माणूस गोल्फ खेळून आलाय आणि चेंडू अजून तिथंच पडून आहेत. रस्सीखेच एके काळी ऑलिंपिकमध्ये होती.

गंमत सांगते, म्हणजे आज गंमत वाटते. प्रत्येक वाक्याचं दुसरं टोक मला आधीच माहीत होतं. त्यांनी शुक्र म्हटलं की माझ्या मनात वर्ष यायचं. मंगळ म्हटलं की निळा. एकतीस वर्षं मी म्हणत होते की माझं तुमच्याकडं लक्ष नसतं, आणि हे सगळं माझ्यात मुरून बसलं होतं. मी मनातल्या मनात उत्तरं देत होते आणि उत्तर देईपर्यंत हात टिकत होते. पुढचं वाक्य आलं की आणखी थोडे.

गवा चालायला लागला. धावत नव्हता, चालत होता, एकेक पाय तोलून टाकत. दहा पावलं. आठ. पाच. शेणाचा, मातीचा, रानाचा वास आला. मला अंबाबाईचं नावसुद्धा आठवेना. चादरीच्या पलीकडं ऊन होतं ते गेलं आणि तिथं तो होता. माझ्या हातांच्या आणि त्याच्या शिंगांच्या मध्ये फक्त एक ओलं कापड. त्यानं ते हुंगलं. त्याच्या श्वासानं कापड आत आलं आणि माझ्या तोंडाला चिकटलं.

तेव्हाच माझ्या डाव्या हाताची बोटं सुटली. चादरीचा कोपरा वीतभर खाली आला.

तो फुसकारला आणि मान खाली घातली. गच्चीवर झुंबरबाईनं तोंडावर पदर दाबला. वरचा आवाज थांबला. किती वेळ, कुणास ठाऊक. त्या थांबण्याची मला गव्यापेक्षा जास्त भीती वाटली. हे बोलायचे थांबले म्हणजे आता संपलं, असंच वाटलं.

मग आवाज आला, अगदी हलका. "पॅराग्वेचा झेंडा, कालिंदी. त्याचं काय वेगळं आहे?"

दोन्ही बाजूंना चित्रं वेगळी आहेत. पुढून एक आणि मागून दुसरं. सगळ्या देशांत तो एकच तसा. मी हे मनात पूर्ण म्हटलं, एकेक शब्द, वर्गातल्या पोरीसारखं. आणि ते म्हणून होईपर्यंत माझे हात तसेच राहिले.

त्याची कूस माझ्या चादरीला घासून गेली. मग भगदाडाचे दोन दगड पडल्याचा आवाज, मग उसाची सळसळ, मग ती सळसळही लांब गेली.

लोकांनी गलका केला, शिट्ट्या वाजवल्या. मला हात खाली घेता येईनात. हे जिन्यावरून आले, माझ्या बोटांतून एकेक करून चादर सोडवली, आणि ती हातात घेऊन तिथंच बादलीशेजारी मातीत बसले. मला झुंबरबाईनं धरून घरात नेलं, साखर जास्त घालून चहा दिला आणि माझी दृष्ट काढली. आकाराम दारात उभा राहून म्हणाला, "सर नसते तर माझ्या हातनं आज काय झालं असतं ते इचारू नगासा." मी त्याला काही विचारणार नव्हतेच. नऊ वाजता वनखात्याची माणसं आली, ठसे पाहून उसाकडं कुणी जाऊ नका असं बजावून गेली.

सगळे गेल्यावर घर शांत झालं. हे कुठं दिसेनात. आतल्या खोलीत गेले तर जमिनीवर बसलेले, भोवती आठ-दहा पुस्तकं उघडी पडलेली. एकाची पानं भराभर उलटायचे, ते बाजूला सारायचे आणि दुसरं ओढायचे.

मी विचारलं, काय शोधताय.

त्यांनी वर पाहिलं नाही. "गव्याला लाल दिसतो का ते."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी दाराची चौकट धरली.

"म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"बैलाचं माहीत होतं. दोन ठिकाणी वाचलंय. गव्याचं एका ठिकाणीही नाही."

मी चवताळले. आतापर्यंत न आलेलं रडू, भीती, सगळं त्या एका क्षणी यांच्यावर उलटलं. म्हटलं, तो अंगावर आला असता तर? कुणाच्या भरवशावर मला तिथं उभं केलंत? एका म्हाताऱ्याला भरल्या घरात खोटं पाडता, आणि माझ्या जिवावर बेतलं तेव्हा वाटेल ते ठोकून देता?

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की वरून त्यांना माझे खांदे सैल पडलेले दिसले होते. मी चादर टाकून पळणार होते. पळाले असते तर तो नक्की आला असता असं त्यांना वाटलं, पण तेही नक्की माहीत नव्हतं. नुसतं "थांब" म्हटलं असतं तर मी थांबले नसते. म्हणून कारण दिलं, आणि माहीत असल्यासारखं दिलं.

"आयुष्यात पहिल्यांदा," म्हणाले, आणि पुस्तक मिटलं. "पण तू थांबलीस कशी? परवापासून तुला माझा एक शब्द नको होता."

मी अजून रागातच होते. रागातच उत्तर दिलं.

"तुम्ही कधी खोटं सांगत नाही म्हणून थांबले."

चष्मा काढून ते रडायला लागले, आणि मग त्यांच्याशेजारी बसून मीही.