डिंपलचा बूस्टर

आमच्या जळगावच्या हॉस्पिटलात डायलिसिसच्या पेशंटांचं रक्त हाताळावं लागतं, म्हणून लॅबमधल्या प्रत्येकाला कावीळ-बीची लस घ्यावीच लागते. तीन डोसांनी अंगात अँटिबॉडी तयार होतात, काही वर्षांनी त्या उतरतात. मग बूस्टर. शरीर शिकलेला धडा विसरत नाही. बूस्टर मिळाला की अँटिबॉडी पहिल्यापेक्षा झपाट्याने आणि कितीतरी जास्त वाढतात. यंदा माझ्याही उतरल्या होत्या, महिन्याने पाहते तर भराभर वर. माझ्याच लॅबमधल्या डिंपलच्या मात्र शून्य. बूस्टरआधी शून्य, बूस्टरनंतरही शून्य.

"मला पाणीच टोचलं गं!" म्हणत ती स्टोअरवाल्याशी भांडायला निघाली. आठवा महिना चालू, तरी तोरा तोच. मी तिला धरून बसवलं.

"त्याच बाटलीतलं मीही घेतलंय. ते जाऊ दे. गरोदरपणाच्या तपासण्यांत कावीळ-बी केली होतीस ना?"

ती हसली. "तीन डोस घेतलेल्या बाईला कसली कावीळ? ती तपासणी मीच यादीतून खोडली."

आम्हा लॅबवाल्यांची ही जुनी खोड. जगाचं रक्त दोनदा तपासायचं आणि स्वतःचं मर्जीला येईल तसं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! मला असा राग आला की तिथल्या तिथे तिचं रक्त काढलं आणि किटवर टाकलं. एक रेघ उमटली. मग हळूच दुसरी. दुसरी रेघ म्हणजे विषाणू अंगात आहे. किट खराब असेल म्हणून नवं फोडलं. पुन्हा दोन रेघा.

लस खोटी नव्हतीच. चोर आधीपासून घरात होता. बहुधा जन्माच्या वेळी आईकडून आलेला. इतक्या लवकर शिरलेल्याला शरीर परका मानत नाही, मग कितीही लस टोचा. डिंपल पोटावर हात ठेवून म्हणाली, "नाजमीन, याला?"

डॉक्टरांनी तिला गोळ्या सुरू केल्या आणि बजावलं, बाळंतपण इथेच. बाळ जन्मलं की लगेच दोन इंजेक्शनं: एका मांडीत तयार अँटिबॉडी, दुसरीत लस. उशीर झाला तर बाळही आयुष्यभर हे घेऊन जगेल.

आणि शिंदखेड्याहून तिची आई पुष्पाबाई लेकीला न्यायला आली. पहिलं बाळंतपण माहेरीच, हा तिचा हट्ट.

"पाचवी पुजाना आगोदर पोरले सुई नको," ती म्हणाली. "आम्हनाकडे असंच शे. बठ्ठं गाव हाशी."

"मावशी, गाव हसेल म्हणून बाळाचं लिव्हर जाळायचं का?" मी तडकलेच.

तेव्हा डिंपल हळू आवाजात म्हणाली, "माय, प्रेमराजच्या पोटात पाणी कशानं झालं होतं?"

प्रेमराज तिचा थोरला भाऊ. काविळीची माळ गळ्यात घालून, पोट फुगून ऐन तिशीत गेला. कोणाची तरी नजर लागली, असंच घरात म्हणायचे. पुष्पाबाईने रक्त काढायला माझ्यापुढे हात केला.

तिच्याही दोन रेघा आल्या.

"मंग प्रेमराजले मीच दिधं का वं?" तिने विचारलं. तुमचा काही दोष नाही, तुम्हाला माहीतच नव्हतं, असलं काहीबाही मी बोलले. ती ऐकत नव्हती.

त्यानंतर शिंदखेड्याचं नाव कोणी काढलं नाही. डिंपल जळगावातच बाळंत झाली. मुलगी झाली. सिस्टर दोन्ही सुया घेऊन आली तशी पुष्पाबाई पुढे झाली आणि नातीचे पाय तिने स्वतः धरले. पहिली सुई टोचताच पोरीने टाहो फोडला. सिस्टर थबकली.

"टोच वं," पुष्पाबाई म्हणाली. डोळ्यांतून धारा लागलेल्या, पण हात घट्ट. "रड, माय, रड. तुना मामाले सुई टोचीसन कोनी रडाडंच नही."