फुलांसकटचं माप

"फुलांसकट की फुलांशिवाय?" मेतुआकाकांनी विचारलं.

आमच्या बेटावर, आवारुआ गावात त्यांच्या दुकानात हेल्मेट घ्यायला गेलं की हा प्रश्न आधी येतो. शनिवारचा बाजार असो, विमानतळावर कुणाला आणायला जायचं असो, वाढदिवस असो, आम्ही डोक्यावर एई, म्हणजे फुलांची गोल जाड माळ, घालूनच स्कूटरवर बसतो. बायकाही आणि पुरुषही. ती चुरगळू नये म्हणून हेल्मेट एक माप मोठं घ्यायचं. त्या मापाला आमच्याकडे 'फुलांसकट' म्हणतात. काकांच्या फळीवर खडूनं तसं लिहिलेलंही आहे. ती फळी नेहमी अर्धी रिकामी असते. तिच्या खालच्या, फुलांशिवायच्या फळीवर धूळ असते.

"फुलांशिवाय," मी म्हणाले.

"काहीच नको," माझी ताई आकाइती म्हणाली. "मी माझी स्कूटर न्यायला आलेय. झाली ना दुरुस्त, काका?"

"झाली की. आरसा नवा, ब्रेकचा दांडा नवा. तू झालीस का दुरुस्त?"

"मला कुठे काय झालं होतं?"

तिला काय झालं होतं ते मी पाहिलं होतं. मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. तीन आठवड्यांपूर्वी आरोरांगी गावात कुत्रं आडवं आलं आणि ताई स्कूटरवरून डोक्यावर पडली. तिला आणलं तेव्हा मीच ड्यूटीवर होते. हाड मोडलेलं नव्हतं. पण चर्चच्या गायनात जी बाई तीस वर्षं पहिला सूर लावते, तिला पुढचे बारा दिवस कुठल्याच गाण्याचं दुसरं कडवं आठवत नव्हतं. पहिलं म्हणायची आणि आमच्याकडे बघत बसायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की कडवी परत येतील, पण हेच डोकं पुन्हा आपटलं तर मी कशाचीच खात्री देणार नाही.

कडवी परत आली. त्यांच्याबरोबर ताईचा हट्टही परत आला. आज ती स्कूटर घेऊन तितिकावेकाला घरी जाणार होती आणि तेही उघड्या डोक्यानं. मी ठरवलं होतं, की ती उघड्या डोक्यानं या अंगणातून बाहेर पडणार नाही.

"पोलीस पकडतील," मी म्हणाले.

"पकडू देत. पोलिसाच्या बायकोची टोपी माझ्याकडे विणायला पडलीय. बघू कोण कुणाला पकडतं."

काका हसले. मी हसले नाही.

"मोए, असं तोंड करू नकोस," ताई म्हणाली. "मी हेल्मेट घातलं नव्हतं का? घातलं होतं. पट्टासुद्धा लावला होता. तरी मी पडायच्या आधी तेच पळालं. रस्त्यावरून घरंगळत जाताना मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. जी वस्तू वेळेला पळून जाते ती डोक्यावर कशाला वागवायची?"

"ते पळालं, कारण ते तुझ्या डोक्यावर नव्हतंच. फुलांवर होतं."

 त्या दिवशी ती विमानतळावर पुतण्याला सोडून येत होती. डोक्यावर एई होती, तिच्याखाली अंबाडा होता आणि या सगळ्याच्या वर हेल्मेट. फुलं दाबली गेली की मधे जागा सुटते. पट्टा हनुवटीखाली कितीही घट्ट असला तरी हेल्मेट मागून उचललं जातं आणि पुढे निघून येतं. मी हे तिला सांगितलं. सांगताना हातानं दाखवलंही.

"बरं," ती म्हणाली. "एक बघते. एकच."

मी टेप आणली होती. भुवयांच्या वर बोटभर, कानांच्या वरून, मागे डोकं जिथे सगळ्यात जास्त बाहेर येतं तिथून. साडेछप्पन्न सेंटिमीटर. काका सवयीनं वरच्या फळीकडे वळले, मी त्यांना खालची दाखवली. त्यांनी धूळ पुसून एक काळं हेल्मेट काढलं.

"माझ्याकडचं सगळ्यात चांगलं," ते म्हणाले.

मी अस्तर बाजूला करून आत पाहिलं. सुरक्षा-मानकाचं चिन्ह होतं. तयार झाल्याची तारीख गेल्या वर्षीची होती. आतल्या थर्माकोलला कुठे चीर किंवा खळगा नव्हता. डोक्याऐवजी चिरडलं जायचं काम त्या थर्माकोलचं, आणि ते हे काम एकदाच करू शकतं. म्हणून ताईचं जुनं हेल्मेट मी आधीच कुऱ्हाडीनं फोडून कचऱ्यात टाकलं होतं. नाहीतर ते कुणीतरी उचलून वापरलं असतं.

अंबाड्यामुळे हेल्मेट मागे टेकेना. ताईनं कुरकुर करत पिना काढल्या आणि केसांची खाली मानेवर सैल वेणी घातली. मग हेल्मेट आत शिरलं.

"गाल दाबतंय. मासा वाटतेय मी."

"गाल दाबायलाच हवं. अस्तर महिन्याभरात थोडं बसतं."

"घेऊ का मग?"

"नाही. आधी वीस मिनिटं घालून बस."

"वीस मिनिटं!"

"दुकानात एक मिनिट सगळीच बरी वाटतात."

दुकानाबाहेरच्या बाकावर ती हेल्मेट घालून बसली. मी शेजारी घड्याळ बघत बसले. शनिवार असल्यानं सगळं बेट बाजारातून परतत होतं, आणि सगळ्या बेटाला तिला हात करायचा होता. गायनातली नापोको तारोच्या कंदांची पिशवी सांभाळत आमच्यापुढे थांबली.

"काय गं आकाइती, चंद्रावर निघालीस का?"

"निघालेय. तुला नेलं असतं, पण यान उडायला हवं ना."

"आतून आवाज कसा येतो गं तुझा, डब्यातल्या कोंबडीसारखा. उद्या चर्चमध्ये पण हेच घालून ये. सूर तरी कमी चढेल."

"तू ये की माझ्यासारखं घालून. तुझा सूर कुणाला ऐकूच येणार नाही, सगळे सुटतील."

नापोको खदखदत निघून गेली. ताई हसत होती, पण बाराव्या मिनिटाला तिनं कपाळाशी हात नेला. पंधराव्याला ती बोलायची थांबली. ताई बोलायची थांबली म्हणजे काय, ते मला माहीत आहे. तरी मी वीस पूर्ण होऊ दिली.

हेल्मेट काढल्यावर कपाळाच्या मधोमध नाण्याएवढा लाल डाग होता. डोक्याच्या मागेही दुखत होतं. "हे घालून मी तितिकावेकापर्यंत गेले तर वाटेत फेकून देईन," ती म्हणाली. ती खरं बोलत होती, आणि दुखणारं हेल्मेट शेवटी खुंटीवर लटकतं.

मी पुन्हा टेप लावली. साडेछप्पन्न. भिंतीवरचा हेल्मेटच्या मापांचा तक्ता पाहिला. माप बरोबर होतं. एक माप वर गेलं तर ते हलणार, आणि आपण होतो तिथेच परत येणार. काका म्हणाले, "बघ मोए, शेवटी सगळे फुलांसकटवरच येतात." मी तक्ता पुन्हा वरून खाली वाचला.

ताईनं मात्र हेल्मेट मांडीवर उलटं घेतलं होतं. दोन्ही हात आत घालून, डोळे अर्धवट मिटून ती अस्तर चाचपत होती. टोपी विणून झाली की ती अशीच चाचपते. तिच्या सासूबाई पेन्रिन बेटावरच्या. माडाच्या कोवळ्या पातीच्या, चर्चला घालायच्या पांढऱ्या टोप्या विणायला ताई त्यांच्याकडूनच शिकली. तितिकावेकातल्या निम्म्या बायकांची डोकी तिला हातानं ओळखता येतात.

"हे नापोकोचं डोकं आहे," ती म्हणाली.

"काय?"

"नापोकोचं. गोल. तिची टोपी मी गोल साच्यावर विणते. माझं डोकं आईसारखं, पुढून मागे लांब. मला लांब साचा लागतो. मी नापोकोची टोपी घातली तर मला अशीच कपाळात टोचते आणि कानांवर मोकळी राहते. इथे बोट घाल."

तिनं हेल्मेट परत चढवलं आणि माझं बोट कानशिलापाशी नेलं. बोट सहज आत गेलं. मघाशीही ते गेलं असतं. मी तिथे पाहिलंच नव्हतं.

"आणि नापोकोचं माप किती?" मी विचारलं.

"दोरीच्या मापाला आम्ही दोघी सारख्याच. म्हणून तर नवशिक्या विणकरणी फसतात."

परीघ सारखा असला म्हणून आकार सारखा असतोच असं नाही. हे मी शाळेत शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं, आणि रोज कामावर पडद्यावर बघते. तरी टेपवरचा एक आकडा हातात आल्यावर मी बाकीचं सोडून दिलं होतं.

ताई उठली आणि थेट खालच्या फळीपाशी गेली. एकेक हेल्मेट काढायचं, उलटं करायचं, आत हात घालायचा, परत ठेवायचं.

"अगं, हळू! भोपळे आहेत का ते, चाचपून घ्यायला?" काका म्हणाले.

"भोपळा बरा, काका. नाही पसंत पडला तर शिजवता येतो. हे गोल. हेही गोल. हे तर तुमचं डोकं, वरून चपटं."

"माझं डोकं चपटं?"

"तुमची टोपी विणलीय मी. मला नका सांगू."

आठवं हेल्मेट मागच्या कोपऱ्यात होतं. पिकलेल्या पपईच्या रंगाचं. तो रंग कुणालाच नको होता म्हणून मागे पडलेलं. तिनं आत हात घातला आणि तो तिथेच ठेवला.

"हे," ती म्हणाली.

मी चिन्ह पाहिलं, तारीख पाहिली, थर्माकोल पाहिला. सगळं ठीक होतं. ती पुन्हा बाकावर बसली, या वेळी मी न सांगता. वीस मिनिटं ती ये-जा करणाऱ्यांशी बोलत होती, आणि मधे एकदाही कपाळाला हात गेला नाही. मग मी दोन्ही हातांनी हेल्मेट धरून डावी-उजवीकडे फिरवून पाहिलं. कपाळाची कातडी त्याच्याबरोबर सरकली, हेल्मेट कातडीवरून सरकलं नाही. पट्ट्याखाली माझी दोन बोटं जेमतेम जात होती. शेवटी मागची कड पकडून मी जोरात पुढे ओढलं.

"मान मोडशील माझी!"

तिचं सगळं डोकं पुढे आलं, पण हेल्मेट जागचं हललं नाही. तेव्हा मी कड सोडली.

"झालं समाधान?" ताई म्हणाली. "आता तुझं घाल."

"माझं कशाला?"

"घाल म्हटलं ना."

मी माझं घातलं. पट्टा लावला. ती माझ्या मागे गेली, कड पकडली आणि ओढली. हेल्मेट माझ्या चेहऱ्यावरून निघून तिच्या हातात गेलं, जाताना चष्माही घेऊन गेलं. पट्टा लावलेलाच होता.

मी चष्मा उचलून परत लावला.  ते हेल्मेट मी चार वर्षांपूर्वी, भाच्याच्या एकविसाव्या वाढदिवसाला जाताना घाईत घेतलं होतं. डोक्यावर एई होती. त्यानंतर रोज सकाळी मी ते घालून हॉस्पिटलात जात होते आणि तिथे लोकांच्या डोक्यांच्या फिल्म काढत होते. आज सकाळी हेच घालून मी उघड्या डोक्याच्या ताईला मागे बसवून इथे आणलं होतं.

"डोकं गोल की लांब?" काकांनी हळूच विचारलं.

ताईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "मधलं. आणि लहान. आमच्या घरात हिचंच लहान."

टेपवर त्रेपन्न आलं. खालच्या फळीवर ते माप नव्हतं. काका म्हणाले, "पुढचं जहाज गुरुवारी."

ताईनं माझ्या हातातून स्कूटरची किल्ली घेतली आणि काकांच्या गल्ल्यावर ठेवली. "गुरुवारपर्यंत हिची गाडी इथे राहू दे."

"ताई, सोमवारी सातला माझी ड्यूटी आहे."

"त्याच्या आधीची बस असते."

"मी सावकाश चालवते. मी पडलेले नाहीये."

"मीपण तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत पडले नव्हते." तिनं हेल्मेटचा पट्टा ओढून बसवला. "सकाळपासून मी तुझं ऐकलंय ना? वीस आणि वीस, चाळीस मिनिटं बाकावर हसं करून घेतलंय. आता तू माझं ऐक."

मी ऐकलं. आरोरांगीकडून जाणारी बस आली तेव्हा मी चढले आणि उजवीकडे खिडकीशी बसले. विमानतळ मागे पडला. काही वेळानं मागून स्कूटरचा ओळखीचा आवाज आला, आणि आरोरांगीच्या आधीच्या सरळ रस्त्यावर ताईनं बसला मागे टाकलं. पुढे चौकात ती थांबली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग मी आहे ना हे बघायला मागे वळली. तिन्ही वेळा हेल्मेट आणि डोकं एकाच क्षणी वळलं. ती पुढे निघाली आणि बस तिच्या मागून.