ओळख न दाखवणाऱ्या सुमनबाई

हिवाळ्यातल्या रविवारी, कोवळं ऊन गल्लीत उतरता उतरता, कांजी केलेल्या पांढऱ्या साडीची सळसळ कानी येई आणि सुमनबाई तुरुंगाकडे निघाल्याचं आम्हा शेजाऱ्यांना घरबसल्या कळे. स्त्रियांच्या बराकीत त्या बुद्धवंदना म्हणत, पंचशील समजावत, आणि मग जिच्या भेटीला कुणीच येत नाही अशा एखादीजवळ नुसत्या बसून राहत. बाई निवृत्त शिक्षिका, बोलण्याची खोड जन्माची. त्यांनी उतारवयात गप्प बसण्याची विद्या शिकावी, याचं आम्हाला फार नवल वाटे.

सुटून जाणाऱ्या प्रत्येकीला त्या एकच सांगत, "बाहेर दिसली तर मी तुले ओळख दाखवणार नाही वं. वाटलं तर तूच हाक मार."

हाक कुणीच मारत नसे. लकडगंजच्या बाजारात एखादी त्यांना पाहून लगबगीनं दुसऱ्या दुकानात शिरे, आणि बाई समोरच्या तराजूकडे पाहत उभ्या राहत. इतक्या जणींची दुःखं उराशी धरलेली ही बाई सणासुदीलाही एकटीच जेवायची. मला त्या साऱ्याजणी कृतघ्न वाटत. तसं म्हटलं की बाई माझ्याच अकलेची कीव करत.

मग माझ्या भाच्याचं लग्न खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत निघालं. बाईंना मी हट्टानं नेलं. मंडपाच्या दाराशी नवरीची आई, कांता, गुलाबपाणी शिंपडत होती. बाईंना पाहताच तिचा हात थांबला, चेहरा पांढराफटक पडला. बाईंनी चटकन नजर वळवली, आणि मला सगळं उमगलं. ही त्या बराकीतली होती, आणि आमच्या घरात कुणालाच ते ठाऊक नव्हतं. बाई तुरुंगात जातात हे मात्र सर्वांना माहीत होतं. आता त्यांच्या एका शब्दावर ठरलेलं लग्न मोडलं असतं.

माझी बहीण, नवऱ्या मुलाची आई, सहज विचारून गेली, "काय बाई, ओळखता का आमच्या विहीणबाईले?"

"नाही वं. आजच पाहून राहिली मी यांले."

थोड्याच वेळात वंदना सुरू झाली. सारा मंडप हात जोडून पंचशील म्हणू लागला. खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं, आणि माझ्या शेजारी बाईंचा आवाज थांबला. पाचव्याला तो पुन्हा मिसळला. समोर कांता घळाघळा रडत होती. मुलगी सासरी निघाली म्हणून रडते, असं लोकांनी धरलं.

परतताना बसच्या खिडकीतून राखेनं मळलेली संध्याकाळ बघत बाई म्हणाल्या, "लई गोड आवाज होता तिचा. बराकीत तीच सुरू करायची. आज म्हटलंच नाही तिनं." एवढंच. मला त्यांच्याकडे बघवेना.

गेल्या उन्हाळ्यात बाई वारल्या. निरोपाला आम्ही गल्लीतलेच होतो.

परवा भाच्याच्या बाळाच्या नामकरणात कांतानं मला कोपऱ्यात गाठून हळूच विचारलं, "बाई बऱ्या आहेत ना?"

तिला कुणी कळवलंच नव्हतं. कळवणार कोण, दोघींची ओळख कुठे होती! मी सांगितलं. पाळण्याभोवती बायका हसत होत्या, कुणीतरी तिला हाक मारत होतं. काळ माणूस नेतो आणि आठवण मागे ठेवतो म्हणतात. पण त्या भरल्या घरात कांताला रडायला कुठलंच निमित्त सापडलं नाही.