डिझेल आलं त्या दिवशी

हुसैनमियाँनी बोगद्यावरची टेकडी दोन्ही हातांनी धरून अलगद हलवून पाहिली. सुटेना. अकरा वर्षांपूर्वी आपण कुठं कुठं स्क्रू मारले होते ते आठवत त्यांनी टेबलाखाली मान घातली. गुडघे करकरले. तिसरा स्क्रू सापडला तेव्हा टेकडी एकदम हातात आली आणि खालचे रूळ उघडे पडले.

अल् खुवैरमधल्या त्या भाड्याच्या घरात एक अख्खी खोली या रेल्वेनं व्यापली होती. इंग्लंडमधल्या कुठल्याशा खेड्यातून जाणारा एकेरी मार्ग, वाफेची इंजिनं धावत होती त्या काळातला, हॅरल्डसाहेबांनी इथं मस्कतमध्ये वीतभर डब्यांचा करून मांडला होता. साहेब आठवणीतून सांगायचे आणि हुसैनमियाँ लाकडातून घडवायचे. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की रत्नागिरीचा हा सुतार आपली पिकअप घेऊन इथं यायचा. स्टेशन, पूल, सिग्नलची केबिन, सगळं त्यांच्या हातचं. ज्या गावात कधी पाऊल ठेवलं नाही, तिथल्या चढावर इंजिन कुठं धापा टाकायला लागतं हे त्यांना पाठ होतं.

बारा दिवसांपूर्वी साहेब झोपेतच गेले. दफन झालं, आणि त्यांची मुलगी क्लेअर लंडनहून आली ती घर आवरायला. महिनाअखेर किल्ल्या परत द्यायच्या होत्या. रेल्वे कुणाला हवी का म्हणून तिनं चार ठिकाणी विचारलं, पण एवढं मोठं धूड हलवणार कोण? शेवटी तिनं हुसैनमियाँनाच फोन केला. ज्यानं बसवलं त्यानंच काढावं, एवढंच ती म्हणाली. तिच्या बोलण्यात तुसडेपणा नव्हता, थकवा होता.

ती आता दारात उभी होती. हातात कागदी खोकं. आत येऊन तिनं रुळावरचं काळं इंजिन उचललं आणि उजेडात धरलं. आत नखाएवढी दोन माणसं होती. हा टोपीवाला कोण, तिनं सहज विचारलं.

"तुमचे आजोबा," हुसैनमियाँ म्हणाले.

ती हसली. मग हसणं थांबलं. आजोबा रेल्वेत होते एवढंच तिला माहीत होतं. तिला वाटायचं, तिकीट खिडकीवर असतील.

हुसैनमियाँनी पेचकस खाली ठेवला. सांगावं की नाही, त्यांना कळेना. त्या गोष्टी त्यांच्या शुक्रवारांच्या होत्या. हिनं इंजिन खोक्यात टाकून निघून जावं, असंही क्षणभर मनात आलं. पण ती स्टुलावर बसली होती, आणि बापाच्या घरात पाहुणी आल्यासारखी अंग चोरून बसली होती.

मग त्यांनी आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. आजोबा पहाटे उठायचे, कारण थंड इंजिनात वाफ धरायला काही तास लागतात. सोबतचा फायरमन कोळसा टाकायचा, आणि त्याच फावड्यावर, भट्टीच्या तोंडाशी धरून, दोघं अंडी भाजून खायचे. एकेरी मार्ग म्हणून केबिनवाला हातात एक कडी द्यायचा. ती कडी हातात असल्याशिवाय गाडी पुढे न्यायची नाही. तुमचे वडील तेव्हा शाळकरी, कुंपणावर बसून वाट बघायचे. आजोबा त्यांच्यासाठी पुलापाशी शिट्टी द्यायचे, नियमात नसताना.

क्लेअरनं पर्समधून पेन काढलं आणि खोक्याच्या झाकणावरच लिहायला लागली.

"मग?" तिनं विचारलं.

"मग डिझेल आलं."

त्यांनी पुढचं सांगितलं. आजोबा रोज काळे होऊन यायचे, म्हणून आजी संध्याकाळी पाणी तापवून ठेवायची. डिझेलच्या पहिल्या दिवशी ते घरी आले, आणि हात स्वच्छ होते. दोघंही त्या हातांकडे बघत राहिली. पाणी चुलीवरच निवलं. दुसऱ्या दिवशी आजीनं ते तापवलं नाही, आणि त्या घरात त्याबद्दल कधी कुणी बोललं नाही.

क्लेअरचं पेन थांबलं होतं.

"फोनवर आम्ही हवेबद्दल बोलायचो," ती म्हणाली. "इकडे किती ऊन, तिकडे किती थंडी. मी कधी विचारलंच नाही."

हुसैनमियाँनी पुन्हा पेचकस उचलला. ही गोष्ट साहेबांनी आपल्याला केव्हा सांगितली, ते त्यांनी तिला सांगितलं नाही. करोनाच्या साली विमानं बंद होती आणि तिकडे गावी हुसैनमियाँची बायको सकिना गेली. माती द्यायलाही नवऱ्याला जाता आलं नाही. त्यानंतर कितीतरी शुक्रवार चुकले. पुन्हा इथं आले त्या दिवशी साहेबांना काय बोलावं सुचलं नसावं. त्यांनी ही गोष्ट सांगितली, आणि मग दोघं संध्याकाळपर्यंत पुलाच्या कमानी घासत बसले.

क्लेअरनं ते एक इंजिन रुमालात गुंडाळलं. बाकीचं हुसैनमियाँनी उतरवलं, फळी फळी करून. तुम्हाला हवं ते घेऊन जा, असं ती दोनदा म्हणाली. त्यांनी मान हलवली आणि काहीच घेतलं नाही. निघताना तिनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

घरी अल् मवालेहकडे जाताना त्यांनी पिकअप रस्त्याच्या कडेला घेतली. बाहेर ऊन रणरणत होतं. त्यांनी गावी मुलाला, ओवेसला फोन लावला.

"अब्बा? आज मंगळवार ना? एरवी शुक्रवारीच फोन करता. तब्येत बरी हाय ना?"

बरी आहे म्हणाले. मुलगा सवयीनं घराच्या छपराचं, यंदाच्या आंब्यांचं सांगायला लागला. ते हो हो करत राहिले. सुट्टीवर गावी गेले होते तेव्हाही दोघं छपराबद्दलच बोलले होते. सकिनाच्या कबरीवर जाऊन आले आणि जेवायला बसले होते.

"ओवेस," ते मध्येच म्हणाले. "तुझी आई शेवटी... काय बोलली काय? काय खावंसं वाटत होतं तिला? मी विचारलंच नाय तुला."

पलीकडे दुकानात कुणी गिऱ्हाईक काहीतरी मागत होतं, त्याला ओवेसनं हलक्या आवाजात नंतर ये म्हणून सांगितलं.

"थांबा अब्बा," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "दुकान बंद करून घेतो."

शटर खाली ओढल्याचा खडखडाट आला. मग स्टूल सरकवल्याचा.

नीट ऐकू यावं म्हणून हुसैनमियाँनी एसी बंद केला.