नळात काय घालायचं

दात किडू नयेत म्हणून नळाच्या पाण्यात घालतात त्या फ्लोराइडचा विषय गावसभेत आला की माझे पाय आधीच दुखायला लागतात. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधलं आमचं गाव लहान. मार्चमधल्या पहिल्या मंगळवारी सगळे शाळेच्या हॉलमध्ये जमतात आणि रस्त्यावरच्या बर्फापासून नळाच्या पाण्यापर्यंत सगळं हात वर करून ठरवतात. मी सभाध्यक्ष. बरोबरी झाली तरच मत द्यायचं, एरवी हातोडा आपटायचा आणि तोंड मिटून बसायचं. मला ते सोयीचंच झालं होतं.

यंदा फ्लोराइड घालणं बंद करायचा ठराव माझ्याच मुलीनं, ॲडेलनं आणला; ते पोरांना घातक, असं तिचं म्हणणं. ती राहते टेकडीवर, तिथे स्वतःची विहीर. पण तिची मुलगी विनी शाळा सुटली की माझ्याकडे असते. बायको गेल्यापासून घरात आवाज असतो तो तेवढाच वेळ.

"फ्लोराइड राहिलं तर विनी तुमच्याकडे यायची नाही, बाबा," ॲडेलनं आधीच बजावलं होतं.

"बाटलीतलं पाणी आणून ठेवतो की."

"तुम्ही आणाल हो. ती नळालाच तोंड लावेल."

खरं होतं ते.

सभेत पुन्हा तेच दळण. रॉय पेल्की उठला. "सरकारनं माझ्या कॉफीत काही घालू नये."

"रॉय, तुझ्याकडे विहीर आहे," दातांच्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "तुझ्या कॉफीत कोण काय घालतंय?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्वाचे दात किडत नाहीत. पोरांचे किडतात."

मागच्या टेबलावर घेवड्याची उसळ आणि ॲपल पाय मांडलेले, लोकांचं अर्धं लक्ष तिकडे. हात मोजताना घोळ झाला, म्हणून दोन भिंतींना दोन बाजू उभ्या केल्या. दोनदा मोजलं. बरोबरी.

बरोबरीत ठराव पडतोच. मी गप्प बसलो असतो तरी फ्लोराइड राहिलं असतं. ठरावाच्या बाजूनं गेलो असतो तर विनी राहिली असती. ॲडेल माझ्याकडेच बघत होती.

"बाबा, तुम्हाला मत आहे. द्या की."

मला आई आठवली. लग्नात तिच्या वडिलांनी आहेर म्हणून तिचे सगळे दात काढून कवळी बसवून दिली होती, पुढे नवऱ्याला खर्च नको म्हणून. आमच्या इकडच्या गरीब लोकांत तेव्हा तसं करायचे. मरेपर्यंत ती सफरचंद किसून खायची.

फार थकलो होतो मी. तरी हातोडा ठेवला, खाली उतरलो आणि ॲडेलच्या समोरच्या, फ्लोराइड हवं म्हणणाऱ्यांच्या भिंतीला जाऊन उभा राहिलो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ॲडेलनं कोट चढवला आणि न जेवताच गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेची बस सवयीनं माझ्या दाराशी थांबली. ड्रायव्हरनं दार उघडलं, मागे वळून रिकाम्या सीटकडे पाहिलं.

"आज नाही वाटतं, ऑरिन?"

"आज नाही," मी म्हणालो. "तू उगीच थांबत जाऊ नकोस."